भिंगाखालची काजळी

छप्पन्न सालच्या खंडेनवमीची गोष्ट. पिंपरीच्या एका औषध कारखान्यात मी प्रयोगशाळेचा मदतनीस होतो, आणि बाटल्या धुणाऱ्या बरकतपुढे स्वतःला अर्धा डॉक्टरच समजायचो.

पूजेआधी ज्याने त्याने आपलं यंत्र लख्ख करायचं, अशी आमची रीत. माझ्या वाट्याला नवा परदेशी सूक्ष्मदर्शक आला. त्याच्या तळाशी, दिव्यासमोर, काचेची एक चकती बसवलेली होती. सगळी काळीकुट्ट, फक्त एक बारीक कडं तेवढं स्वच्छ. मला वाटलं, दिव्याची काजळीच धरलीय.

"राहू द्या, राव," बरकत म्हणाला. "कडं कसं नेमकं गोल सुटलंय बघा. कुणी तरी मुद्दाम केलेलं दिसतंय."

"तू बाटल्या धू," मी म्हणालो. कंदिलाची काच घासावी तशी ती चकती राखेने घासली, बसवली आणि वर झेंडूचं फूल वाहिलं.

दसऱ्यानंतर प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरसाहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर औषधासाठी वाढवलेल्या जिवंत बुरशीचे तंतू दिसेचनात. तंतू पाण्यासारखे पारदर्शक. उजेड त्या कड्यातूनच वर गेला तर उठून दिसायचे. रंग द्यावा तर मरायचे. नवी चकती यायला सहा महिने लागणार होते.

"ही कोणी घासली?" साहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बरकतकडे पाहिलं. काचा धुणं त्याचं काम. "उद्यापासून येऊ नकोस."

बरकतने माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवही चाळत राहिलो. लाज वाटत होती, पण नोकरी जाईल ही भीती तिच्याहून मोठी होती.

त्याने चकती काढून उजेडात धरली. काचेवर जुन्या कड्याची पुसट खूण उरली होती. तिचं त्याने माप घेतलं, चिमणी पेटवून चकती ज्योतीवर काळी केली आणि कंपासच्या टोकाने कडं खरवडलं.

"साहेब, एकदा बघता का?"

साहेबांनी बराच वेळ मान वर केली नाही. तंतू पहिल्याइतके ठळक नव्हते, पण दिसत होते.

"चुकलास, पण निस्तरलंस. राहा कामावर." मग ते माझ्याकडे वळले. "ज्योतीराम, याला पुन्हा यंत्राला हात लावू देऊ नका. लक्ष ठेवा."

आता बोलायला काय हरकत होती? साहेबांचा रागही उतरला होता.

"होय साहेब," मी म्हणालो.

बरकतने काजळीचे हात फडक्याला पुसले.

"बाटल्या धुतो मी, राव," तो म्हणाला आणि मोरीकडे गेला.