फार मोठा आकडा

तिरुचीच्या आमच्या गणक केंद्रात चपला बाहेर काढूनच शिरावं लागे. धुळीमुळे, असं सांगत. पण दर शुक्रवारी मशीनला विभूती लागायची, त्यामुळे देवळात गेल्यासारखंच वाटायचं. इतकी वर्षं झाली, तरी त्या गार फरशीचा स्पर्श माझ्या तळव्यांना अजून आठवतो.

त्या उन्हाळ्यात तंत्रनिकेतनाच्या प्रवेश परीक्षेचे गुण पहिल्यांदाच थेट कळफलकावरून भरले होते. त्याआधी सगळं जाड कागदाच्या पत्त्यांवर छिद्रं पाडून व्हायचं. भरणारी पूंगोदै, रोजंदारीवरची मुलगी. गुणवत्ता यादी लावायचा प्रोग्राम माझा. सकाळी तो चालवला आणि पडद्यावर एकच ओळ आली : आकडा फार मोठा आहे. कुठला आकडा, कितव्या ओळीतला, काही नाही.

आपण टाइप करतो ती मशीनच्या लेखी नुसती अक्षरं. त्यांचे आधी आकडे करावे लागतात, मगच तुलना होते. ते काम करणारा प्रोग्रामचा भाग मशीनबरोबर परदेशातून आलेला होता. त्याला आम्ही कधी हात लावला नव्हता.

आमचे प्रमुख देसिकन सार यांनी पडद्याजवळ वाकून ती ओळ वाचली. "मोठा आकडा म्हणजे गुण वाढवलेत कुणीतरी. शंभराच्या वर नेलेत."

"हात चुकला असेल, सार," मी म्हणाले. " एखादं शून्य जास्त पडलं असेल."

"विशालम, या मुलीचा भाऊ परीक्षेला बसलाय ना यंदा?"

पूंगोदै तिथेच उभी होती. "बसलाय, सार. मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला."

"दुपारी संचालकांकडे यादी जायचीय. तोवर उलगडा झाला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस. भावाचा अर्जही बाजूला ठेवावा लागेल."

"मी काही केलेलं नाही, सार."

"मग मशीन खोटं कशाला बोलेल?"

"आणि मी कशाला बोलेन?"

सार तडक वर संचालकांच्या खोलीत गेले. तिचं नाव त्यांच्या कानावर घालायला गेले, हे आम्हा दोघींना कळलं.

आम्ही छापील कागदांची लांबलचक घडी जमिनीवर उलगडली आणि दोन टोकांना बसलो. ओळीवर बोट ठेवून आकडे वाचत सरकत होतो. कॉफी आली, गार झाली, तिच्यावर साय धरली. शंभराच्या वर काहीच नव्हतं.

"अक्का, भावाचे गुण वाढवायचे असते, तर गणिताचे नसते का वाढवले? तिथेच आपटलाय तो," पूंगोदै म्हणाली. हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला बसवेना. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेवटी ठरवलं, माहितीचे तुकडे करून एकेक चालवायचा. शेवटचा तुकडा सरळ चालला. मधलाही चालला. पहिल्याला मात्र तीच ओळ. कुठला चालला, कुठला अडला, ते टिपायला कोरा कागद ओढला आणि सवयीने वर मध्यभागी पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, वळणदार खूण काढली. ती काढल्याशिवाय आमच्याकडे कुणी पहिलं अक्षर लिहीत नाही, वाण्याची यादीसुद्धा नाही.

पेन तिथेच थांबलं.

"पूंगोदै, पत्ते होते तेव्हा तू गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या पत्त्यावर पेन्सिलीने ही खूण करायचीस ना?"

"हो, अक्का."

"आणि यंदा?"

"पेन्सिल कुठे चालवणार? खूण आपल्या तमिळ 'उ'सारखी, म्हणून इंग्रजी 'यू' दाबला. सगळ्यात वर, एकटाच."

छापील कागदाच्या माथ्यावर तो यू सकाळपासून होता. दोघींनीही तो पाहिला होता, सारांनीही. आमच्याकडे प्रत्येक कागदाच्या माथ्यावर अशी खूण असतेच, म्हणून कुणाची नजर तिथे अडली नव्हती. त्या परदेशी भागाला मात्र अक्षर कुठलं आणि आकडा कुठला, हे तपासायची अक्कल नव्हती. समोर येईल त्याला आकडाच धरायचं. एका घरात जास्तीत जास्त नऊच बसतात; यू त्याच्या मोजणीत नवाच्या पार पुढे गेला आणि तो ओरडला, फार मोठा.

यू पुसला. यादी धडधडत छापून आली. सार खाली आले, मी सगळं दाखवलं. "पण सरळ 'आकडा नाही' असं का नाही म्हणालं?" ते पुटपुटले आणि यादी घेऊन वर गेले.

पूंगोदैने खांद्याला पिशवी अडकवली होती. बस म्हटलं तरी बसली नाही. दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली.

सार परतले. "झालं. मशीनचा घोटाळा होता, असं सांगितलं संचालकांना."

"माझं काय सांगितलंत?"

"तुझं काय सांगायचं त्यात? मिटलं ना."

"सकाळी माझं नाव घेऊन सांगितलंत, सार. भावाचंही. आता नुसतं मशीनचं सांगून कसं मिटेल?" तिचा आवाज बारीक होता, पण ती दारातून हलली नाही.

सारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी घाम टिपला, आणि ती बाजूला होताच पुन्हा जिन्याकडे वळले. गडबडीत चपला घालायच्या राहिल्या. वरच्या फरशीवर त्यांची अनवाणी पावलं वाजेपर्यंत आम्ही दोघी कान देऊन उभ्या होतो.