वरमायेची वेणी

"चारशे," डॉक्टर मृणाली म्हणाली. "त्याच्यावर एकही नाही."

माझा पुतण्या अजिंक्य खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, मुंबईत एका दिवसात साडेतीन हजार लावतात. मी स्वतः विचारून आलोय."

"लावत असतील. त्या डोक्यांवर डोक्याचीच कातडी असते."

ज्या डोक्याबद्दल हे चाललं होतं ते माझ्या थोरल्या जावेचं, सावित्रीवैनीचं. ती स्टुलावर बसली होती आणि पदर खांद्यावर होता. तिच्या घरात नांदायला येऊन मला वीसेक वर्षं झाली, पण तिला अशी उघड्या डोक्याने मी फार थोड्या वेळा पाहिलेली. कपाळाच्या वरपासून माथ्यापर्यंत गुळगुळीत, फिकट कातडी. ती मांडीची काढून तिथे लावलेली होती. मागे मात्र मानेपर्यंत दाट केस आणि त्यांचा चांगला मुठीएवढा अंबाडा.

डॉक्टरीणबाईने बोटाने ती कातडी हळूच सरकवून पाहिली. "इथे रक्त कमी येतं. एकदम दाटीने केस लावले तर निम्मे उपाशी मरतील. आणि मागचे जे काढले, ते तिथे परत उगवत नाहीत. म्हणजे इथूनही गेले आणि तिथूनही गेले. आधी पुढची पट्टी. ती धरली तर दुसरी बैठक, निदान दहा महिन्यांनी."

"पण लग्न वैशाखात आहे," अजिंक्य म्हणाला.

"असू दे. माझं काम तुमच्या मुहूर्तावर चालत नाही."

मला ती बाई जरा शिष्टच वाटली. वय पस्तीसही नसेल. बाहेर पडताना मी वैनीला तसं म्हटलंही. वैनी चपला घालत म्हणाली, "नाय म्हनते ना, मग असूदे शिष्ट."

आता घोळ काय होता तो सांगते. अजिंक्य बोटीवर असतो. त्याचं लग्न ठरलं अलोऱ्याच्या वैष्णवीशी. साखरपुड्याला मुलीच्या आईने वैनीचा डोक्यावरचा पदर पाहिला आणि भर बैठकीत म्हणाली, "आजकाल असा पदर कोण घेतं हो? काय मर्यादा आहे तुमच्या घरात." मला चहाचा ठसका लागला. वैनी नुसती हसली. वैष्णवीला खरं काय ते ठाऊक होतं, पण घरी सांगू नकोस म्हणून अजिंक्यने तिला बजावलेलं. आणि लग्नात तर भर मांडवात मुलीची आई वरमायेचे पाय धुते, ओटी भरते आणि तिच्या केसांत वेणी माळते. पदर डोक्यावर ठेवून वेणी माळता येत नाही.

वैनीचे केस कसे गेले तेही सांगायला हवं, नाहीतर लोक काय वाटेल ते धरून चालतात. भाट्याला तेव्हा काथ्याची एक शेड होती. बायका मशीनवर सुंभ वळायच्या. मोटारीच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची, पण धागा अडकला की दर वेळी ती काढा, परत लावा, त्यात माल कमी निघायचा. म्हणून मालकाने ती काढूनच ठेवली. वैनीने तेव्हाच विचारलं होतं. मालक म्हणाला, "काय होत नाय." तिची वेणी कमरेच्या खाली होती आणि अजिंक्य तेव्हा नुकता चालायला लागला होता. पुढचं मी सांगत नाही.

मुंबईच्या इस्पितळातून परत आल्यावर ती पहिल्यांदा कुठे गेली असेल, तर त्या शेडवर. सगळ्यांना वाटलं, रडायला आली. ती आपल्या मशीनपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "जाळी लावा. मग मी बटन दाबतंव." मालक म्हणाला, बाकीच्या करतायत ना काम? ही उंबऱ्यावर बसली. डोक्याला पट्टी, वर भावोजींचा, तिच्या नवऱ्याचा, मफलर. थोड्या वेळाने शेजारच्या बाईने मशीन बंद केलं, मग तिच्या शेजारणीने. दुपारपर्यंत जाळ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी वैनीला, उद्यापासून येऊ नको, असं सांगण्यात आलं. ती म्हणते, "जाळी तर लागली."

मग ती मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या कॅनिंगमध्ये लागली. तिथे टोपी सगळ्याच बायकांना घालावी लागते. आत शिरलं की तिचं डोकं आणि दुसरीचं डोकं सारखंच. अजून ती तिथेच आहे आणि आता नव्या मुलींना शिकवते. मी बालवाडीत जाताना तिला स्कूटीवरून स्टँडपर्यंत सोडते. भाट्याच्या पुलावर समुद्राचा वारा असा येतो की दोन्ही हात लावले तरी पदर राहत नाही. म्हणून पूल आला की वैनी पदराचं टोक दातांत धरते. इतक्या वर्षांत पुलावर आम्ही दोघी एक अक्षर बोललेलो नाही.

तर अजिंक्यने मुंबईच्या त्या केस लावणाऱ्या माणसाला फोन लावला. ओटीवर आम्ही सगळे होतो. भावोजीसुद्धा होते, पण त्यांनी जन्मभर एसटी चालवली आणि घराचं स्टिअरिंग कधी हातात घेतलं नाही.

"काकू, एका दिवसात मोकळ्या," फोनवरचा माणूस म्हणाला. "सकाळी या, संध्याकाळी घरी."

"संध्याकाळी रत्नागिरीला घरी कशी पोचतंव मी?"

तो हसला. वैनी हसली नाही. "माझ्या टकलावर दुसरीकडची कातडी हाय. तितं हजारांनी केस धरतात काय?"

"आरामात धरतात."

"आनि नाय धरले तर? मागले काढलेले परत येतात?"

"काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. काही होत नाही."

वैनीने फोन अजिंक्यच्या हातात दिला. "बंद कर."

"अगं, निदान ऐकून तरी घे."

"ऐकलं. काय होत नाय म्हननारा एक मना जन्माला पुरला."

अजिंक्य उठून उभा राहिला. मुलगा वाईट नाही हो. पण त्याचा आवाज चढला. "तुला सवय झालीय, आई. मला नाही झाली. लोक बघतात ते मला दिसतं. शाळेच्या गॅदरिंगला तुझा पदर उडाला होता आणि सगळी पोरं..." तो थांबला.

"आनि तू मना सांगितलंस, शाळंत येव नको," वैनी म्हणाली. "मी परत आले नाय. दहावीचा निकाल लागला तवा पन गेटच्या भायेर उभी होते. व्हय काय?"

तो हातातला फोन उलटसुलट करत राहिला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"तवा तू लहान होतास, म्हनून ऐकलं. आता ऐकनार नाय. तुझ्या लग्नात मी येनार, जेवडे असतील तेवडे केस घेवन. आनि मृणाली डॉक्टर सांगेल तेवडेच लावनार."

आठवड्याने तो बोटीवर गेला. जाताना पाया पडला, पण बोलला नाही.

गणपती विसर्जन झाल्यावर डॉक्टरीणबाईकडे पहिली बैठक झाली. मला डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून आत बसू दिलं. मागचे केस मुळासकट एकेक काढायचे आणि पुढे बारीक छिद्रात एकेक रोवायचे, असं ते काम. बघून माझीच मान अवघडली. वैनी आधी पालथी, मग उताणी पडून कॅनिंगमधल्या गजाली सांगत होती. दुपारी डॉक्टरीण म्हणाली, झालं.

"झालं? आजून थोडे लावा की. मी काय दमले नाय," वैनी म्हणाली.

"चारशे ठरलेत, मावशी."

"शंभर वर घ्या."

"नाही."

"पन्नास? लग्न हाय पोराचं."

"मावशी, मी हातमोजे काढले."

वैनीने पडल्या पडल्या माझ्याकडे बघून डोळा मारला. "बगत होतंव. हलते काय ती."

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. डॉक्टरीणबाईने आधीच सांगितलं होतं की हे वरचे केस गळणार, मुळं आत राहतील, त्यातून नवे येतील. पण उशीच्या अभ्र्यावर ते बारीक केस बघितले आणि मला रडू आलं. वैनीने अभ्रा अंगणात झटकला आणि डबा घेऊन कामावर गेली. अजिंक्यने बोटीवरून व्हिडिओ कॉलवर ते बघितलं. रागावला नाही, हे जास्त वाईट. पंधरा दिवसांनी पार्सलने एक टोप आला, खऱ्या केसांचा, पुठ्ठ्याच्या खोक्यात. वैनीने तो कपाटावर ठेवला.

शिमग्याच्या सुमाराला कपाळाच्या वर खुंट दिसायला लागले. मी बोट फिरवून बघितलं, टोचले. मग दोघी स्वयंपाकघरात वेड्यासारख्या हसलो. चैत्र संपेपर्यंत दीड-दोन बोटं रुंद पट्टी झाली. डावीकडे मात्र एका जागी काहीच आलं नाही, तिथली कातडी तशीच फिकट राहिली. डॉक्टर मृणालीने ती जागा दाखवली. "इथे रक्त पोचलं नाही. आता पुढच्या वेळी ही जागा मी सोडणार. हे कळावं म्हणून थोडे लावले." त्या दिवसापासून मी तिला शिष्ट म्हणत नाही.

म्हणजे लग्नाच्या दिवशी वैनीच्या डोक्यावर पुढे एक पट्टी, मागे अंबाडा आणि मधे सगळा माळ. अजिंक्य सकाळीच माझ्या कानाशी आला. "काकी, टोप घेतलास ना?"

घेतला होता. माझ्या पिशवीत जादा ब्लाउजच्या खाली तो खोका होता. वैनीला सांगितलं तर म्हणाली, "असूदे पिशवीत. त्याला पन बगूदे लग्न."

हॉलमध्ये पाट मांडला. विहिणीने वैनीचे पाय धुतले, नारळाने ओटी भरली आणि तबकातली अबोलीची वेणी उचलली. चांगली भरगच्च वेणी होती, विहिणीने घरी बसून स्वतः गुंफलेली. "जरा पदर घेता का खाली?" ती म्हणाली.

माझा हात पिशवीत गेला. अजून वेळ होता, खोलीत नेऊन टोप चढवता आला असता. वैनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने पदर डोक्यावरून काढला, खांद्यावर घेतला आणि टोक कमरेला खोचलं.

बायकांचा गलका थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "अगो बाय." फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. विहिणीचा हात वेणीसकट हवेत राहिला.

"विहीणबाय," वैनी म्हणाली, "केस मशीनमदी गेले. पुडचे औंदा लावलेत, मागचे जन्माचे. मदी आजून काय नाय. तुमी वेनी मागं घाला, तितं धरंल."

विहिणीचा चेहरा उतरला होता. "साखरपुड्याला बोलला नाहीत तुम्ही."

"तुमी पदराची वाखानणी केलीत. बोलायला जीभ रेटली नाय. आज बोलतंव. पदर मर्यादेचा नव्हता, लाजेचा होता. आनि आता मना लाज बाळगून कट्टाळा आलाय."

मला वाटलं, आता ही बाई वेणी तबकात ठेवणार. पण ती वळून वैनीच्या मागे गेली. अंबाड्याला हात लावून म्हणाली, "पिन खोचली तर दुखेल का?"

"नाय दुखत. जोरात खोचा. मना नाचायचं हाय."

दोन-तीन बायका हसल्या. विहिणीने तोंडात धरलेल्या पिना एकेक करून काढल्या आणि वेणी पक्की केली.

फोटोवाला पुढे आला. "काकू, फोटोपुरता पदर घ्याल का डोक्यावरून?"

"नाय. एक पाटीमागून पन काड. वेनी दिसूदे."

अजिंक्य मुंडावळ्या बांधून दारात उभा होता. कधीपासून होता, मला माहीत नाही. तो चालत आईजवळ आला आणि त्याचा हात पदराकडे गेला. वैनी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खांद्यावरची पदराची चुणी सरळ केली, हात मागे घेतला आणि फोटोसाठी तिच्या शेजारी उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण ते माझं नेहमीचंच आहे.

जेवणं झाल्यावर नवरी घरी यायच्या आधी उंबऱ्यावर माप ठेवायचं होतं. गाड्या सगळ्या पाहुण्यांनी भरलेल्या. मी म्हटलं, चल वैनी, स्कूटी आहे. भरजरी शालू नेसलेली वरमाय स्कूटीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसली. मशीनने तिला शिकवलं होतं, त्यामुळे पदर आणि निऱ्या तिने आधी गच्च खोचून घेतल्या. टोपाची पिशवी हँडलला लटकत होती.

पूल आला. नेहमीसारखा वारा सुटला होता. मी सवयीने गप्प झाले.

"मठ्ठा पानचट होता," मागून वैनी म्हणाली.

मी दचकलेच. आरशात बघितलं. पुढची ती इवलीशी पट्टी वाऱ्याने उभी राहिली होती, मधली कातडी उन्हात चमकत होती, आणि तिचा एक हात मागे वेणीवर होता.

"आनि वालाच्या उसळीत मीठ कमी. तू काय बोल्लीस नाय ते? पाऊस सरला का दुसरी बैठक हाय. डॉक्टर तीनशेच म्हनते. मी पन्नास वर मागनार हाय. देनार नाय ती. पन मागनार."

मी स्कूटी हळू घेतली. मागून एक बस हॉर्न वाजवत निघून गेली. पूल संपेपर्यंत वैनी बोलत होती.