जेरोनिमोला चाळीस रियाल

नदीकाठच्या बेलें शहरातल्या मासळी बाजारात झुल्मिराच्या तोंडाला सगळे वचकून असत. तीस वर्षं ती त्याच ओट्यावर मासे विकत होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. दिवसाचं तिचं पहिलं भांडण ठरलेलं असे, ते बर्फवाल्या जेरोनिमोशी.

"हा बर्फ म्हणायचा की पाणी रे? येता येता निम्मा नदीला पाजलास वाटतं!"

जेरोनिमो उलट बोलत नसे. गाडीवरची लादी उतरवायची, फोडायची, माशांवर पसरायची आणि पैशांसाठी गुमान उभं राहायचं.

पैसे फोनवरून द्यायचे, आणि तिथंच घोडं अडायचं. झुल्मिराचे हात सकाळभर रक्ताने नि खवल्यांनी बरबटलेले. ओल्या बोटाला फोनची काच दाद देत नसे. एकदा तर चाळीसचे चारशे उमटले. शेवटी शेजारच्या ओट्यावरच्या नाझारेला राहवेना. तिनं फोन हातात घेऊन काहीतरी खटपट केली.

"आता नुसतं सांगायचं बघ. अमक्याला इतके पाठव. तो विचारेल खरंच पाठवू का, तू 'हो' म्हणायचं. तोंड चालवायचं काम आहे, तुझ्याहून चांगलं कोणाला जमणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार ऐन भरात होता. होड्या लागलेल्या, हमाल ओरडत होते, गिऱ्हाइकं भावावरून हुज्जत घालत होती. जेरोनिमोनं बर्फ पसरला. झुल्मिरानं फोन तराजूला टेकवून उभा केला, आवाज पूर्ण चढवला आणि जज्जासमोर उभं राहावं तशी ताठ झाली.

"जेरोनिमोला चाळीस रियाल पाठव बाबा."

फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "जेरोनिमो नावाचे दोन जण आहेत. पहिला, जेरोनिमो होडीवाला. दुसरा, जेरोनिमो माझा गारवा. कोणाला पाठवू?"

नाझारेचा सुरा माशाच्या पोटातच थांबला. समोरचं गिऱ्हाईक भाव करायचं विसरलं. पलीकडच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "काय म्हणाला? माझा काय?"

झुल्मिराच्या कानांतून वाफा निघाल्या. तिनं डोळे मिटले आणि ओरडली, "होडीवाला! पहिला! होडीवाला!"

पुढच्या प्रश्नाला तिनं न ऐकताच "हो" म्हटलं, ओळख पटवायला फोननं मागितला तसा लालबुंद चेहराही त्याला दाखवला, आणि चाळीस रियाल होडीवाल्याकडे गेले. हा होडीवाला म्हणजे नदीपल्याडच्या बेटावर राहणारा तिचा मानसपुत्र. दोन मिनिटांत त्याचा फोन आला.

"आई, बाळासाठी पाठवलेस ना? जन्मून आठ दिवस नाही झाले आणि आजीची भेट आली! बायको रडायला लागली बघ."

"हो तर. बाळालाच. दुपट्याला घाल," झुल्मिरा म्हणाली. दुसरं म्हणणार तरी काय?

जेरोनिमो अजून तिथंच उभा होता. टोपी हातात घेऊन, जमिनीकडे बघत तो हळूच म्हणाला, "झुल्मिराबाई, माझे राहिले."

"दे की गं!" नाझारे खदखदली. "गारव्याचे पैसे दे!"

हात धुऊन बोटानं पाठवता आले असते. पण आता हात धुवायला गेली असती तर भित्री ठरली असती, आणि भित्री हे नाव तिला तीस वर्षांत कोणी ठेवलं नव्हतं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"जेरोनिमोला चाळीस पाठव. दुसऱ्याला."

"जेरोनिमो माझा गारवा यांना चाळीस रियाल पाठवू का?"

सगळी रांग श्वास रोखून होती.

"हो," झुल्मिरा म्हणाली आणि चेहरा फोनपुढे धरला.

एकच गिल्ला झाला. कोणी तराजू बडवला, कोणी शिट्टी मारली, एका हमालानं तर लग्नाला कधी बोलावताय म्हणून विचारलंसुद्धा. जेरोनिमो टोपी डोक्यावर घालून, गाडी ढकलत चालता झाला. झुल्मिरानं सकाळभर कोणाशी भांडण काढलं नाही, तेव्हा गिऱ्हाइकांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुपारचा पाऊस पडून गेल्यावर ती ओटा धूत होती. समोर जेरोनिमो उभा. धुतलेला शर्ट, पाणी लावून चापून बसवलेले केस.

"ते नाव," तो म्हणाला. "का ठेवलं?"

झुल्मिरानं डावा पंजा पुढे केला. अंगठ्याखाली जुना व्रण होता. "माशाचा काटा आरपार गेला होता, आठवतं? अंगातला शर्ट काढून त्यात बर्फ बांधलास आणि दवाखान्यात तासभर माझा हात धरून बसलास. एक अक्षर बोलला नाहीस. त्या संध्याकाळी ठेवलं."

"दोन वर्षं झाली त्याला."

"मग? रोज भांडत नव्हते का मी तुझ्याशी? आणखी काय करायला हवं होतं?"

जेरोनिमो पहिल्यांदाच हसला. "माझ्या फोनमध्ये तुमचं नाव 'झुल्मिरा कटकट' आहे. बदलू का?"

"राहू दे. खोटं कुठंय?"

"आसाई खायला येतेस?" त्यानं विचारलं. हा 'येतेस' तिनं ऐकला, पण ऐकलाय असं दाखवलं नाही. एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि नाझारेकडे न बघता त्याच्याबरोबर निघाली.

धक्क्यावरच्या टपरीत दोघं शेजारी बसली. दोन वाडग्यांत आसाईच्या फळांचा जांभळाकाळा दाट गर आला, सोबत तळलेला मासा आणि कसाव्याच्या कंदाचं भरड पीठ. तिनं पीठ घातलं. त्यानं साखरेचं भांडं ओढलं आणि दोन चमचे भरून ओतले.

"आसाईत साखर?" झुल्मिरा किंचाळली, तशी टपरीतली माणसं वळून पाहायला लागली. "अरे, कुठला रे तू! बेलेंचा माणूस आसाईत साखर घालतो?"

"आई सेआराची होती माझी, तिकडं घालतात," जेरोनिमो चमचा ढवळत म्हणाला. "बघ तर खाऊन."

तिनं नाक मुरडत त्याच्या वाडग्यातला अर्धा चमचा उचलला, तोंडात घातला, आणि साखरेचं भांडं आपल्या वाडग्याकडे ओढलं.