नवमी की चतुर्दशी

माझी बायको मालविका अमेरिकेच्या सैन्यात कॅप्टन होती. रसदीच्या ट्रकांचं काम तिच्याकडे होतं. गेल्या वर्षी वाळवंटातल्या एका तळावर ड्रोन हल्ला झाला, त्यात ती गेली. अमेरिकेत घर मी सांभाळायचो. वर्षश्राद्ध झालं आणि पितृपक्षासाठी मी काशीला आईकडे आलो.

आईने अविधवा नवमी ठरवून टाकली होती. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. सवाष्ण जेवू घालायची, तिला साडी-बांगड्या द्यायच्या. आईने शेजारच्या संपदाला सवाष्ण म्हणून सांगूनही ठेवलं होतं.

"भाग्याची गं बाई. कुंकू लावून गेली," आई तिला म्हणाली.

"हेल्मेट घालून गेली," मी म्हणालो.

"तोंड आवर, सुमंता."

मालविकाचं भाग्य काय, तर मी जिवंत आहे. मला ते ऐकवेना. काशीनाथ गुरुजी आले तेव्हा मी चतुर्दशी मागितली.

"शस्त्राने गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात, बरोबर," गुरुजी म्हणाले. "पण तुझी आई तर म्हणते, छत पडलं, झोपेत गेली. नक्की काय झालं?"

"ठाऊक नाही."

"अरे भैया, नवरा ना तू?"

सार्जंट रामिरेझ मालविकाच्या तुकडीतला. तो वर्षभर फोन करत होता आणि मी उचलत नव्हतो. झोपेत गेली, हे मीच ठरवलं होतं. आईलाही तेच सांगितलं होतं.

"विचारून घे," गुरुजी म्हणाले. "संकल्प अंदाजाने सांगता येत नाही. मी बसतो."

छतावर जाऊन फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"कॅप्टन झोपेत नव्हती," तो म्हणाला. "सायरन वाजला तशी आमच्याबरोबर बंकरमध्ये आली. एक ड्रायव्हर दिसेना, म्हणून परत गेली. त्याला बाहेर ढकललं, तेवढ्यात दुसरा ड्रोन आला."

"लगेच गेली?"

"नाही. मी जवळ होतो. तुमच्यासाठी निरोप दिला होता. म्हणून तर फोन करत होतो."

"काय?"

"सुमंतला सांग, मला भीती वाटतेय."

मी फोन बंद केला.

खाली येऊन दोघांना सगळं सांगितलं. गुरुजी उठले. "चतुर्दशी," एवढंच म्हणून चपला घालून गेले. आई जमिनीवर बसली होती.

"आणि तू काय म्हणालास त्या मुलाला?"

"काही नाही. फोन ठेवला."

"आजही ठेवलास?"

आईने ओरडावं असं वाटत होतं. ती ओरडली नाही. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव परत. माझ्यासमोर लाव. आणि आता त्याचं सांगून होईपर्यंत ऐक."

मी लावला.