दुसरा रिले

१९६३च्या हंगामात मी अकोल्याच्या एका जीन-प्रेसमध्ये वायरमन होतो. माझा धाकटा भाऊ श्रावण प्रेसच्या पेटीत उतरून पायांनी रुई तुडवायचा. तो बाहेर आला, दार लागलं, की वरून लोखंडी पाट खाली यायचा अन् गठाण बांधली जायची.

दार उघडं असताना मोटरीला वीज मिळू नये म्हणून पॅनलमध्ये दोन रिले, म्हणजे आपोआप वीज तोडणारे खटके, होते. एक चिकटलाच तर दुसऱ्यानं वीज तोडायची. हा दुसरा बसवला तो दोन वर्षांपूर्वी, श्रावणच्या आधी रुई तुडवणारा खुशालराव त्या पेटीत चिरडून मेल्यावर. तेव्हा एकच रिले होता, अन् तो चिकटला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या दुपारी दुसऱ्या रिलेत रुईचा भुरा जाऊन मशीन सारखी बंद पडत होती. बाहेर बैलगाड्यांची रांग, आत मॅनेजरची बोंबाबोंब. माझं डोकं फिरलं. पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी तासली, रिलेत खोचली, तो वीज तोडूच शकणार नाही असा दाबून बसवला. पॅनलला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. पहिला रिले आहे की, असं स्वतःला बजावलं अन् अंगणात पाणी प्यायला गेलो.

श्रावण पुन्हा पेटीत उतरला होता. बटणावरच्या उत्तमरावला वाटलं, तो बाहेर आला. त्यानं बटण दाबलं.

दार उघडं, तरी मोटर घुमली. पहिला रिले चिकटला होता! मी ओरडत धावलो. मेन खटका वीस पावलांवर होता.

टक्.

मशीन थांबली. पाट श्रावणच्या डोक्यावर वीतभर उरला होता. मी खटका ओढला. कुलूप जसंच्या तसं होतं. कमरेची किल्ली काढून पॅनल उघडलं.

दुसरा रिले सुटलेला होता. खाली दोन काड्या पडल्या होत्या. एक माझी, हिरवट, ताजी. दुसरी अर्धी जळालेली.

ती मी ओळखली. खुशालराव गेला त्या दिवशी मीच रिलेत खोचलेली ती काडी नंतर काढून घरच्या चुलीत घातली होती. कुणीही पाहिलं नव्हतं.

श्रावण लोकांच्या आधारानं बाहेर आला. अंगभर रुई, ओठ पांढरे.

"दादा, मशीन कोनं बंद केली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ती अर्धी जळालेली काडी पुढं केली.

"खुशालरावनं," मी म्हणालो. "अन् त्याले मी मारलं."