इंजिन उघडायचं नाही!

थोरल्या दिरांनी कप खाली ठेवला आणि निकाल देऊन टाकला. "इंजिन खलास. आता त्याला उघडत बसायचं नाही. आहे तसं काढायचं, भंगारात द्यायचं आणि दुसरं बसवायचं. माझ्या मित्राकडे एक आहे."

निकाल द्यायला यांना कोणी बसवलं होतं, देव जाणे. गाडी त्यांची नव्हती, पैसे त्यांचे जाणार नव्हते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच उद्योग होता. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून खाली यायचं, धाकट्या भावाच्या घरचा चहा ढोसायचा आणि ज्यातलं काही कळत नाही त्यावर तासभर अक्कल पाजळायची. आणि धाकटा भाऊ समोर बसून मान हलवणार! नोकरी सांभाळणारा, चार लोकांत बरा दिसणारा माणूस, पण दादा आला की याचा नंदीबैल व्हायचा.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "मेकॅनिकला आधी उघडून तर बघू दे. दुरुस्त होत असेल तर बदलायचं कशाला?"

"तू गप्प बस गं," दीर म्हणाले. "तू चालवलीस म्हणूनच ही वेळ आली. रविवारी आम्ही दोघं भाऊ प्लॉट बघायला घेऊन गेलो तेव्हा लोण्यासारखी चालली. सोमवारी तुझ्या हातात गेली आणि धूर! पाणी बघायचं असतं, काटा बघायचा असतो. बायकांना नुसतं स्टिअरिंग फिरवायला हवं."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. बशीतलं बिस्किट मोडायचं आणि त्याचे तुकडे परत जुळवायचे, असं त्याचं चाललं होतं.

सगळे तिला पडदेवाली म्हणत. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे आणि स्वतः जाऊन लावायचे, हा तिचा धंदा. चौदा वर्षांची ती गाडी म्हणजे तिचं अर्धं दुकान होतं. मागची सीट पाडली की त्यात पडद्यांच्या नळ्या, कापडाचे तागे, घडीची शिडी, ड्रिल, सगळं मावायचं. गाडी बंद पडली आणि ती सहा फुटी नळ्या घेऊन बसमध्ये चढायला गेली, तर कंडक्टरने सगळ्यांसमोर खाली उतरवलं. एका नव्या दवाखान्याच्या चाळीस खिडक्यांचं काम हातात होतं. ते महिनाअखेरीला लावून दिलं नाही तर दुसऱ्याकडे जाणार होतं.

पण तिला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. दर शनिवारी ती न चुकता पाणी बघायची. त्या शनिवारीही बघितलं होतं. बघितलं होतं ना? आठ दिवस रोज संध्याकाळी तेच तेच ऐकून तिचाच स्वतःवरचा विश्वास उडायला लागला होता. शिवताना मध्येच मशीन थांबवून ती आठवत बसायची. चढावर धूर दिसायच्या आधी आपण काट्याकडे बघितलं होतं की नाही? माणसाला वेडं करायचं असेल तर त्याला रोज चहाच्या वेळी मूर्ख म्हणावं, आपोआप होतं.

नवव्या दिवशी तिनं चप्पल घातली आणि सरळ गॅरेज गाठलं.

मेकॅनिक एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. "उघडून बघितलंत का?" तिनं विचारलं.

"नाही. मोठ्या साहेबांचा फोन आला होता. बॉनेटलासुद्धा हात लावू नका म्हणाले. दुसरं इंजिन पाठवतोय, तेच बसवा."

"बॉनेटलासुद्धा?"

"ताई, आम्हाला काय, गिऱ्हाईक सांगेल तसं."

"गिऱ्हाईक मी आहे. गाडी माझ्या नावावर आहे. उघडा."

मेकॅनिकने बॉनेट वर केलं, आत डोकावला आणि कपाळावर हात मारला. रेडिएटरवर झाकणच नव्हतं. झाकणाच्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला होता. त्याने तो ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. "काय हो ताई! बाटलीला बूच लावतात तसं? सगळं पाणी वाफ होऊन उडून गेलं. पाण्यावाचून गाडी पळवली तर इंजिन जळेल नाही तर काय होईल?"

या बाबाचाही सूर तोच. तिनं बोळा हातात घेतला आणि उलगडला. निळ्या चौकटीचं सुती कापड. कडेला हातानं घातलेली बारीक टीप, कोपऱ्यावर दुमडून दोनदा उलटी घेतलेली. कापड ओळखायला तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांतून उरलेल्या कापडाचे तिनं गेल्या वर्षी बारा रुमाल शिवले होते आणि बाराच्या बारा थोरल्या दिरांना दिले होते.

तिला एकदम हसू फुटलं. अरे देवा! तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली या माणसानं आणि याला एका रेडिएटरात पाणी ठेवता आलं नाही! आणि वर तोंड करून मला सांगतो, पाणी बघायचं असतं!

"वरचं हेड उघडा," ती मेकॅनिकला म्हणाली. "मी थांबते."

ती स्टुलावर बसून राहिली. तीन तासांनी मेकॅनिक हात पुसत आला. हेड वाकलं होतं आणि खालचं गॅस्केट जळलं होतं, पण इंजिनचा खालचा भाग ठणठणीत होता. हेड घासून सपाट केलं, गॅस्केट नवं घातलं की काम झालं. "साहेब पाठवतायत ते इंजिन अपघातातल्या गाडीचं आहे," तो हळूच म्हणाला. "माझ्या घरची गाडी असती तर मी नसतं बसवलं."

"दुरुस्त करा," ती म्हणाली.

"साहेबांना एकदा विचारायचं का?"

"त्यांना विचारून बरंच काही झालंय. आता नको."

संध्याकाळी दीर ठरल्या वेळी खाली आले. तिनं चहा दिला आणि कपाशेजारी घडी घातलेला रुमाल ठेवला.

"भाऊजी, तुमचा रुमाल. धुतलाय, इस्त्री केलीय. डाग मात्र जात नाहीत."

दिरांनी रुमालाकडे बघितलं आणि नजर चहात बुडवली. "माझा? असे छप्पन्न मिळतात बाजारात."

"छप्पन्न नाही, बाराच आहेत. मी शिवलेत."

दिरांची बोलती बंद झाली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते सुख तिला धड मिनिटभरही मिळालं नाही. कारण नवरा घाईघाईनं मध्ये पडला.

"अगं, दादाने मुद्दाम नाही केलं. इंजिन गरम असताना पाणी बघायला गेला आणि झाकण असं उडालं की गटारात कुठे गेलं, सापडलंच नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, उद्या नवीन..."

तो थांबला. झाकणाचं नाव तिनं अजून काढलंच नव्हतं.

दिरांनी काखा वर केल्या. "तुमचं तुम्ही बघून घ्या बाबा," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून जिना चढून गेले. रुमाल तिथेच राहिला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"दादाच्या तोंडावर कसं बोलणार? मला वाटलं, दुसरं इंजिन बसलं की विषय मिटेल."

"आणि मी? आठ दिवस मी शनिवार आठवत बसले होते. तू समोर बसून बिस्किटं खात होतास."

"अगं, तसं नाही..."

"भाऊजींना अक्कल नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. त्यांचं मला काही वाटत नाही. तुला आहे, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले."

त्यानं कप उचलले आणि आयुष्यात पहिल्यांदा धुतले. एकाचा कान उडवला.

गाडी आठवड्यानं घरी आली. पहिल्याच हाकेला सुरू झाली. ती नळ्या भरत होती, तेवढ्यात नवरा खाली आला. हातात एक छोटं खोकं होतं. "रेडिएटरचं झाकण," तो म्हणाला. "एक जास्तीचं असू दे गाडीत. चांगल्यातलं आणलंय."

तिनं बॉनेट उघडलं, मेकॅनिकने बसवलेलं झाकण काढलं आणि नवऱ्याचं लावून बघितलं. ते नुसतंच गोल गोल फिरलं. बसेचना.

"माप घेतलं होतंस?" तिनं विचारलं.

"माप?" तो म्हणाला. "झाकणं सगळी सारखीच असतात ना?"

वीस वर्षं हा माणूस तिच्या घरात मापाच्या टेपवर पाय देत वावरला होता. तिनं मेकॅनिकचं झाकण परत घट्ट बसवलं. नवऱ्याचं त्याच्या हातात ठेवलं, गाडीत बसली आणि दवाखान्याच्या चाळीस खिडक्यांकडे निघाली. गाडीची किल्ली पूर्वी दाराजवळच्या खिळ्याला असायची. त्या दिवसापासून ती तिथे दिसली नाही.