बरेझ्तमची मुळी आणि मी

मी एक जुना पितळी खलबत्ता आहे. मोरोक्कोतल्या फेस शहराच्या ओतारी गल्लीत मी घडलो आणि ताझा गावाच्या बाजारात, सी बुअज्जा या जडीबुटीवाल्याच्या दुकानात, चाळीस वर्षं राबलो. जिरे, मेथी, बडीशेप कुटताना माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. लोक कौतुक करत आणि मी फुलून जाई.

मित्रांनो, माझ्यात एक कडू मुळीही कुटली जाई. तिला इथे बरेझ्तम म्हणतात. गालिचे विणणारी लल्ला रुकिया पोटदुखीने हैराण होऊन आली, तेव्हा बुअज्जाने या मुळीची पूड मधात कालवून बाटलीत भरून दिली.

"रोज सकाळी चमचाभर घे. झाडाचंच आहे बाई, अपाय कसला?"

तो फसवत नव्हता. स्वतःच्या आईलाही त्याने तेच दिलं असतं.

काही महिन्यांत रुकियाचे पाय सुजले, अन्न पोटात ठरेना. इस्पितळात कळलं, मुळीने दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली होती. आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, जन्मभर.

एका सकाळी तिने उरलेल्या औषधाची बाटली बुअज्जापुढे आदळली आणि ती दुकानाच्या दारातच बसली.

"माझे आजोबाही हेच देत होते," तो म्हणाला.

"आणि घेणारे पुढे जगले का, ते बघायला गेले होते तुझे आजोबा?"

"ऊठ माझ्या दारातून!"

"नाही उठत! यंत्रावर नसेन तेव्हा इथेच बसणार. फेकायचं तर उचलून फेक, वजनही फार उरलं नाही माझं."

ती लोकर कातत बसू लागली. मुळी मागणाऱ्याला सुया टोचून फुगलेला हात दाखवी. "आधी हे बघ, मग घे."

बुअज्जा तीन आठवडे धुमसत होता. मग एक माणूस आईसाठी बरेझ्तम मागायला आला. बुअज्जाने मुळी माझ्यात टाकली, बत्ता उचलला. रुकियाने कातणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. बत्ता खाली आलाच नाही.

"आईला डॉक्टरकडे ने," तो म्हणाला आणि त्याने मला पालथं केलं. त्याच दुपारी मुळ्यांचं पोतं त्याने स्वतः जाळलं.

रुकियाने त्याला माफ केलेलं नाही. तोही माफी मागत नाही. तिला पुदिन्याचा चहा देतो, घोटभरच. मूत्रपिंडं गेल्यापासून जास्त पाणी तिला चालत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी विनवणार नाही. पण कुणी औषध म्हणून पूड हातावर ठेवली, तर मान वर करून विचारा, कशाची आहे? कोणी तपासली? मोठी माणसं रागावली तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत ती तोंडाला लावू नका.